सुट्टीतला बुफे : भीती चिमट्याची बाळगावी की घड्याळाची?

शहाळे
नमस्कार. डिसेंबरमध्ये आम्ही सहकुटुंब दक्षिण गोव्यातल्या एका रिसॉर्टवर राहायला जाणार आहोत. सोबत सत्तरी ओलांडलेले सासूसासरे आणि बालवाडीत जाणारा मुलगा असेल. नाश्ता आणि रात्रीचे जेवण पॅकेजमध्येच असून दोन्ही बुफे पद्धतीचे आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की, ज्या डावाला आणि चिमट्याला अख्ख्या हॉटेलचे हात लागतात त्याने वाढून घेतलेले अन्न त्यांच्या घशाखाली उतरणार नाही. नवऱ्याचे मत असे की, एवढे पैसे मोजल्यावर स्वच्छतेची काळजी आपण कशाला वाहायची? मला दोन्ही टोके पटत नाहीत. सासऱ्यांना मधुमेह आहे आणि आम्लपित्ताची गोळीही रोज सुरू आहे. बुफेत नेमका धोका कशात असतो, तो आपल्यासारख्या सामान्य माणसाला कसा ओळखता येतो आणि सॅनिटायझरची बाटली जवळ ठेवली म्हणजे पुरते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. ‘बाहेर खाऊच नका’ हा सल्ला मात्र नको, कारण तो आमच्या घरातच मुबलक उपलब्ध आहे.

कढीपत्ता
हॉटेलांच्या भटारखान्यात बरीच वर्षे काढल्यामुळे या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला असावा. बुफेवरचे अन्न बहुधा शिजताना बिघडत नाही. शिजल्यानंतर ते चुकीच्या तापमानाला थांबून राहिले की बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम असा आहे की, शिजवलेले गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि नाशवंत थंड अन्न ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजे, आणि शिजलेला पदार्थ खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. अमेरिकेच्या कृषी खात्याची सूचना याहून कडक आहे. हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल, तर ते खाते एकच तास देते. समुद्रकिनाऱ्यावर उघड्या मांडवात मांडलेला दुपारचा बुफे डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या एका तासाचा अर्थ लक्षात येईल.

ज्या चौकोनी भांड्याखाली जेलची डबी जळत असते, त्या चेफिंग डिशबद्दल पाहुण्यांचा मोठा गैरसमज असतो. ते भांडे अन्न तापवण्यासाठी नसते, तापलेले अन्न तसेच धरून ठेवण्यासाठी असते. खालच्या ट्रेमधले पाणी तापते आणि त्याच्या वाफेवर वरची भाजी गरम राहते. पाणी आटले, डबी विझली किंवा झाकण सतत उघडे राहिले की काठाची भाजी कोमट आणि मधली त्याहून थंड होते. कोमट अन्न आत ठेवून ते ‘हळूहळू तापेल’ असे म्हणणारा स्वयंपाकी मी तरी आमच्या भटारखान्यात टिकू दिला नसता.

दुसरी खोड म्हणजे भर घालण्याची. भांडे अर्धे रिकामे झाले की नवी भाजी जुनीवरच ओततात. योग्य पद्धत म्हणजे जुना ट्रे उचलून नेणे आणि नवा भरलेला ट्रे आणून ठेवणे, कारण भर घालत गेल्यास तळातला घास सकाळी सातचा असू शकतो आणि वरून तो दहाच्या घासासारखाच दिसतो. कर्मचारी ट्रे बदलतात की बादलीतून ओततात, हे लांबूनही दिसते. ज्या ठिकाणी ट्रे बदलले जातात, तिथल्या बाकीच्या कारभारावरही मी बऱ्यापैकी विश्वास ठेवतो.

केळीचे पान
हे सारे वाचून आपली पंगतच बरी होती, असे म्हणावेसे वाटते. एकच वाढपी, त्याच्या हातात एकच पळी, आणि पाहुण्याचा हात अन्नाच्या भांड्यापर्यंत पोहोचतच नाही. उष्ट्याखरकट्याचे नियम आपल्या आजीने उगाच केले नव्हते. शहाळे यांच्या सासूबाईंची भावना मला शंभर टक्के पटते.

नाडीपरीक्षा
पेशाने मी वैद्यक आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. बुफेत दोन वेगवेगळ्या प्रकारची भीती असते आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली भीती अन्नातच वाढणाऱ्या जीवाणूंची. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू असू शकतात, ते भात शिजल्यावरही जिवंत राहतात आणि भात कोमट अवस्थेत तासन्तास राहिला की जागे होऊन वाढतात. त्यांनी तयार केलेले उलटीचे विष इतके चिवट असते की भात पुन्हा परतला तरी ते नष्ट होत नाही, म्हणून रात्रीच्या भाताचा सकाळी केलेला फोडणीचा भात गरमागरम दिसला तरी निर्धास्त होऊ नये. स्टॅफिलोकॉकसचे विषही असेच उष्णतेला दाद देत नाही. हा जीवाणू माणसाच्या नाकात आणि हातावरच्या जखमांत असतो, आणि हाताने हाताळलेल्या खव्याच्या मिठाया, क्रीमचे केक, अंड्याचे सँडविच हे त्याचे आवडते मुक्काम आहेत. या दोन्हींमध्ये त्रास लवकर, म्हणजे साधारण अर्ध्या तासापासून सहा ते आठ तासांपर्यंत सुरू होतो आणि उलट्या प्रमुख असतात. तिसरा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स. मोठ्या पातेल्यातला मटणाचा रस्सा सावकाश निवत राहिला की तो त्यात वाढतो आणि ६ ते २४ तासांनी पोटात मुरडा मारून जुलाब होतात. या तिन्हींशी चिमट्याचा संबंध जवळपास नाही.

दुसरी भीती हातांवरून पसरणाऱ्या विषाणूंची, आणि त्यांतला मुख्य नोरोव्हायरस आहे. त्याचे अगदी थोडे कण पोटात गेले तरी आजार होऊ शकतो, १२ ते ४८ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि बरे वाटू लागल्यावरही माणूस काही दिवस तो पसरवत राहतो. इथे चिमटा खरोखर महत्त्वाचा ठरतो. शहाळे यांच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे: अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा नोरोव्हायरसवर फारसा प्रभाव पडत नाही. साबण, वाहते पाणी आणि निदान वीस सेकंदांचे चोळणे यांना पर्याय नाही.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो, आणि ती म्हणजे हात केव्हा धुवावेत. बहुतेक लोक खोलीतून हात धुऊन येतात, मग डाव, चिमटे, झाकणांच्या मुठी हाताळत ताट भरतात आणि त्याच हाताने पोळीचा तुकडा मोडतात. आपण हाताने जेवणारी माणसे आहोत, त्यामुळे काट्याचमच्याने जेवणाऱ्यापेक्षा आपल्याला हे अधिक लागू होते. ताट भरून टेबलावर ठेवावे, मग हात धुवावेत आणि मग जेवायला बसावे. दुसऱ्यांदा वाढून आणायचे असल्यास ते काम घरातल्या एकाच माणसाकडे द्यावे.

कढीपत्ता
केळीचे पान, पंगतीवर माझेही प्रेम आहे, पण तिच्या सुरक्षिततेचे श्रेय तुम्ही पळीला देता आणि मी ते चुलीला देतो. पंगतीत भाताचे पातेले चुलीवरून उतरायचे ते थेट पानावर रिकामे व्हायचे, आणि पुढची पंगत बसेपर्यंत पुढचे पातेले शिजत असायचे. शिजणे आणि खाणे यांत अंतरच नव्हते. हल्लीच्या कार्यालयात सकाळी साडेदहाला तयार झालेली बासुंदी पावणेतीनच्या पंगतीत वाढली गेली, तर वाढप्याच्या हाती सोन्याची पळी असली तरी उपयोग नाही. आणि वाढप्याचे स्वतःचे पोट बिघडलेले असेल, तर त्याचा एकच हात साऱ्या पंगतीला पुरतो. उष्ट्याचा नियम चांगलाच आहे, पण तो तोंडाला लागलेल्या चमच्यापासून वाचवतो. वेळ किती गेला हे तो विचारत नाही.

केळीचे पान
बासुंदीचा मुद्दा मान्य. तरीही ज्या डावाची मूठ आमटीत बुडालेली आहे तो बाहेर काढून आमटी घेणे मला जमणार नाही, आणि त्यासाठी मला कोणत्याही जीवाणूचे नाव ठाऊक असण्याची गरज वाटत नाही.

कढीपत्ता
तसा डाव कोणीच घेऊ नये. कर्मचाऱ्याला सांगा, तो नवा डाव आणून देईल. आमटीही बदलून मागा, कारण शंभर हातांची मूठ त्यात पोहून झालेली असते.

दूरदेशी
मी न्यू जर्सीत राहतो आणि इथल्या मराठी मंडळींमध्ये क्रूझची सुट्टी बरीच लोकप्रिय आहे, म्हणून तिकडची माहिती देतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा जहाजांच्या स्वच्छतेसाठी स्वतंत्र कार्यक्रम आहे. त्याखाली येणाऱ्या जहाजांवर ३ टक्के किंवा त्याहून अधिक प्रवासी अथवा कर्मचारी उलट्या-जुलाबांनी आजारी पडले, तर त्या उद्रेकाची नोंद केंद्राच्या संकेतस्थळावर जाहीर होते. यांतल्या बऱ्याच उद्रेकांमागे नोरोव्हायरस निघतो. आजारी माणसांची संख्या वाढू लागली की जहाजावर पहिला बदल बुफेतच दिसतो: पाहुण्यांनी स्वतः वाढून घेणे बंद होते आणि हातमोजे घातलेले कर्मचारी वाढू लागतात. बुफेच्या तोंडाशीच हात धुण्याची बेसिने बसवलेली जहाजेही मी पाहिली आहेत. आपल्याकडच्या हॉटेलांनी हे उचलावे, असे मनापासून वाटते.

चिमट्याचा प्रश्न निघालाच आहे, तर जपानच्या एनएचके वाहिनीने २०२० साली तज्ज्ञांच्या मदतीने केलेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. दहा माणसे बुफेत जेवायला सोडली आणि त्यांतल्या एकाच्या हाताला अतिनील प्रकाशात चमकणारा रंग लावला. अर्ध्या तासात तो रंग सगळ्यांपर्यंत पोहोचला होता आणि तिघांच्या चेहऱ्यावरही लागला होता. नंतर हाच प्रयोग वाढायला वेगळी माणसे ठेवून, चिमटे वरचेवर बदलून आणि हात धुवायला लावून केला, तेव्हा रंग कोणाकडेही गेला नाही.

नाडीपरीक्षा
प्रयोग बोलका आहे. मात्र रंग लागणे म्हणजे संसर्ग होणे नव्हे, एवढे लक्षात ठेवावे. रंगाचा ठिपका कुठेही चमकतो. रोगजंतूला जिवंत राहून पुरेशा संख्येने तोंडापर्यंत जावे लागते. नोरोव्हायरसला हे जमते, सर्वांना जमत नाही.

जुने कात्रण
बुफेच्या इतिहासातली सर्वांत विचित्र घटना आपल्या पुण्याशी दूरचे नाते सांगणारी आहे. कोरेगाव पार्कातला आश्रम सोडून १९८१ साली अमेरिकेत गेलेल्या रजनीशांच्या अनुयायांनी ओरेगन राज्यात मोठी वसाहत उभारली. स्थानिक निवडणुकीत विरोधी मतदारांना घरी बसवण्यासाठी त्यांच्यातल्या काहींनी १९८४च्या शरद ऋतूत द डॅलस या गावातल्या दहा उपाहारगृहांच्या सॅलड बारमध्ये साल्मोनेला जीवाणू मिसळले. ७५१ माणसे आजारी पडली. सुदैवाने कोणीही दगावले नाही. सुरुवातीच्या तपासात कर्मचाऱ्यांच्या अस्वच्छ हातांवर संशय गेला होता आणि खरा प्रकार पुढच्या वर्षी उघडकीस आला.

हे घाबरवण्यासाठी लिहिलेले नाही, कारण असा घातपात रोज घडत नाही. पण त्यांनी भाजी-आमटी सोडून सॅलड बारच का निवडला, हे पाहण्यासारखे आहे. सॅलड शिजत नाही, ते उघडे असते आणि त्यावर कोणाचे लक्ष नसते. काचेचा आडोसा वरून येणारी शिंक अडवतो. खालून जाणारा हात त्याला अडवता येत नाही.

शहाळे
सर्वांचे मनापासून आभार. आता प्रत्यक्ष पदार्थांबद्दल विचारते. गोव्यात सोलकढी असणार, इडलीसोबत ओल्या नारळाची चटणी असणार, कापलेली फळे असणार आणि सरबतात बर्फ असणार. आणि ज्याला लाइव्ह काउंटर म्हणतात, तिथले डोसे आणि ऑम्लेट निर्धास्तपणे घ्यावेत का?

कढीपत्ता
एकेक घेऊ. ओल्या नारळाची चटणी हा आपल्याकडच्या नाश्त्यातला सर्वांत नाजूक पदार्थ आहे, कारण ती शिजवलेली नसते, वाटताना तिला पाणी लागते आणि खोलीच्या तापमानाला ती काही तासांत आंबते. ती बर्फाच्या ट्रेवर छोट्या वाडग्यात ठेवून वारंवार बदलत असतील, तर जरूर घ्या. मोठे पातेले भरून ठेवले असेल आणि घड्याळात दहा वाजले असतील, तर सांबारावर भागवा. सोलकढीचेही तेच. कोकमाच्या आंबटपणाने थोडे संरक्षण मिळते, पण नारळाचे दूध शेवटी नारळाचे दूधच, त्यामुळे ती थंडगार असेल तरच प्यावी.

फळांपैकी केळी, संत्री, चिकू अशी आपल्या हाताने सोलायची फळे उत्तम. कापलेले कलिंगड आणि पपई यांचा आंबटपणा कमी आणि पाणी जास्त असल्यामुळे ती बर्फावर असतील तरच घ्यावीत. बर्फाबाबत एक उपयुक्त गोष्ट अशी की, महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने २०१८मध्ये खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग देणे उत्पादकांना बंधनकारक केले; त्यामुळे पेल्यात निळसर बर्फ दिसला तर तो सरळ परत करावा. मोठ्या हॉटेलात बर्फ स्वतःच्या यंत्रातून येतो, आणि तिथे अडचण वेगळी असते. बर्फाचे फावडे बर्फातच खुपसून ठेवले आहे का, किंवा कोणी पेलाच बर्फात बुडवून भरतो आहे का, हे पाहावे.

लाइव्ह काउंटरवरचा डोसा माझ्या मते बुफेतला सर्वांत भरवशाचा पदार्थ आहे. पीठ आंबवलेले, तवा तापलेला, आणि तव्यावरून थेट ताटात. आतली बटाट्याची भाजी मात्र शेजारच्या डब्यात किती वेळ बसली आहे ते पाहा. शंका असल्यास साधा डोसा मागा. ऑम्लेटच्या बाबतीत अंडी तुमच्यासमोर फोडली जातात की आधीच फोडून मोठ्या भांड्यात ढवळून ठेवलेली आहेत, हा प्रश्न महत्त्वाचा. शेकडा अंड्यांच्या मिश्रणात एक जरी साल्मोनेलाचे निघाले, तर सगळे मिश्रणच संशयास्पद होते. लहान मुलाला आणि सासऱ्यांना ऑम्लेट दोन्ही बाजूंनी पूर्ण शिजवून द्यायला सांगावे.

शाकाहारी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट: ऑम्लेटचा आणि डोशाचा उलथणे एकच असण्याची शक्यता बरीच असते. विचारल्यास वेगळा तवा मिळतो.

तिरकस
क्षमा करा, पण आपण गाडीवरचा वडापाव खाऊन, स्टेशनबाहेरची पाणीपुरी पचवून मोठे झालो आहोत. अचानक पंचतारांकित हॉटेलातल्या चटणीचे तापमान मोजत बसण्यात मला थोडा विरोधाभास दिसतो.

नाडीपरीक्षा
विरोधाभास दिसतो तेवढा नाही. वडापाव हा उकळत्या तेलातून निघून काही मिनिटांत पोटात जाणारा पदार्थ आहे आणि त्यातली लसणाची कोरडी चटणी जीवाणूंना वाढायला लागणारे पाणीच देत नाही. म्हणजे वरच्या निकषांवर तो बऱ्याच बुफेंपेक्षा चांगला ठरतो. पाणीपुरीचा बचाव मी करणार नाही. पावसाळ्यात कावीळ आणि विषमज्वराच्या रुग्णांना मी जे प्रश्न विचारते, त्यांत तिचा नंबर वरचा असतो. आणि ‘पचवून मोठे झालो’ हे तुम्ही-आम्ही म्हणू शकतो. शहाळे यांच्या सासऱ्यांबाबत तसे म्हणता येत नाही. जठरातले आम्ल हे अन्नातून येणाऱ्या जीवाणूंविरुद्धचे आपले पहिले कुंपण आहे, आणि आम्लपित्ताच्या रोजच्या गोळीने ते कमी झालेले असते. ती गोळी बंद मात्र परस्पर करू नये.

दूरदेशी
एक पूरक मुद्दा. बुफेतून उकडलेली अंडी, सँडविच, केकचे तुकडे रुमालात गुंडाळून दुपारसाठी पिशवीत टाकण्याची आपल्यातल्या अनेकांना सवय असते. शिष्टाचार बाजूला ठेवला, तरी काउंटरवर दीड तास काढलेले सँडविच पुढे चार तास समुद्रकिनाऱ्यावरच्या उन्हात राहते. मुलांसाठी काही न्यायचेच असेल, तर सालीसकट केळी न्यावे.

शहाळे
आता शेवटचे दोन प्रश्न. सोबत कोणती औषधे ठेवावीत, आणि कर्मचाऱ्यांना न दुखावता ताजे पदार्थ कसे मागावेत?

नाडीपरीक्षा
ओआरएसची पाकिटे सर्वांत आधी. पाकीट एक लिटरचे असेल, तर ते पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवावे आणि चोवीस तासांत संपवावे किंवा टाकून द्यावे; अर्धे पाकीट पेल्यात टाकण्याची पद्धत चुकीची आहे, कारण त्याने मिठाचे प्रमाण बिघडते. दुकानातली गोड फळपेये ओआरएसऐवजी देऊ नयेत. मुलाला उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. जुलाब तात्काळ थांबवणाऱ्या गोळ्या मुलाला मुळीच देऊ नयेत, आणि मोठ्यांनीही शौचातून रक्त पडत असताना किंवा ताप असताना घेऊ नयेत. मूल सुस्त झाले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, रक्त दिसले किंवा ताप चढला, तर रिसॉर्टच्या डॉक्टरांना लगेच बोलवावे. सासऱ्यांच्या मधुमेहाच्या काही गोळ्या उलट्या-जुलाबांच्या काळात तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. त्या कोणत्या, हे निघण्यापूर्वीच त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. आणि तुमच्यापैकी कोणाचे पोट बिघडले, तर त्याने बुफेच्या रांगेत जाऊ नये. त्याचे जेवण खोलीत मागवावे.

कढीपत्ता
मागण्याची रीत सोपी आहे. रांगेतल्या पोऱ्याला जाब विचारू नका, कारण ट्रे केव्हा बदलायचा हे त्याच्या हातात नसते. पहिल्याच सकाळी रेस्टॉरंटच्या व्यवस्थापकाला भेटून सांगा की, घरात वयस्क मधुमेही आणि लहान मूल आहे, तेव्हा वरणभात आणि एक भाजी भटारखान्यातून थेट टेबलावर आली तर बरे होईल. आमच्याकडे अशी विनंती आली की आम्ही ती टेबलाच्या क्रमांकासह फळ्यावर लिहीत असू आणि त्यासाठी वेगळे पैसे लावत नसू. काही खरोखर बिघडलेले आढळले, तर तेही आधी त्यालाच सांगा, म्हणजे निदान तो ट्रे उचलला जाईल आणि मागच्या रांगेतली माणसे वाचतील. त्याने दाद दिली नाही, तर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक दर्शनी भागात लावलेला असतो. त्याचे छायाचित्र घ्या आणि प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या सुविधेवर तक्रार नोंदवा. नाश्त्याला मात्र दार उघडल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात जा. तेव्हा चटणी नुकतीच वाटलेली असते आणि डोशाच्या तव्यापाशी रांगही नसते.